आज पाणी घेऊ नका

माझे साडू यशवंतराव गेले त्याच्या आदल्या दिवशी माझ्याच दुकानात बसले होते, नेहमीच्या स्टुलावर. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी जळतात, लोक आणतात, मी जळकी तार उकलून नवी भरतो. त्या दिवशी चहा आला, त्यांनी आपल्या कपातला अर्धा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. उठून पायरीवर गेले, हळू आवाजात काहीतरी ऐकून घेतलं, मग स्वतः दोन-तीन ठिकाणी फोन लावले आणि परत येऊन बोलले, "झालं. निघतो नाना, सुमन वाट बघत असेल." मी म्हटलं, "डॉक्टर, हे तुमचं समुद्राचं लफडं एक दिवस तुम्हाला घेऊन जाईल." ते हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनचा फोन... "भाऊजी, हे उठत नाहीयेत." सुमन म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. मी सायकल माधव नगरला त्यांच्या घरापर्यंत कशी हाणली मला माहीत नाही. उठणार नव्हतेच ते.

माझी शाळा चौथीत सुटली. त्यामुळे हे लिखाण पेपरातल्या लोकांसारखं नसेल. शुद्धलेखन सुधारायचं तर सुधारा, पण शब्द बदलू नका. मी रागात आहे, आणि राग झाकून लिहायला मला कोणी शिकवलेलं नाही. दहाव्याला राम घाटावर लोक कानात येऊन सांगत होते, "नाना, शांत व्हा, आत्म्याला त्रास होतो." ज्याला जिवंतपणी त्रास दिला त्याच्या आत्म्याची काळजी आता? वा भाई.

राग कशाचा ते सांगतो. यशवंतराव गेल्यावर पेपरात छापून आलं की ते किनारपट्टीवरच्या कोळंबी उद्योगाच्या वाढीचे शिल्पकार होते. शोकसभेतही तेच. ते जिथे नोकरीला होते त्या संस्थेतून एक मजकूर आला होता, तो त्यांच्या मुलाने, निखिलने, माइकवरून वाचला. 'वाढीला आर्थिक पाया देणारे संशोधक.' लोकांनी माना डोलावल्या. हे गलत आहे. पूर्ण खोटं नाही, अर्धं आहे, आणि अर्ध्या गुंडाळलेल्या मोटारीला करंट दिला की काय होतं ते मला रोज बघायला मिळतं. ज्या अर्ध्यासाठी त्या माणसाने आपली नोकरी नासवून घेतली ते अर्धं कोणी बोललंच नाही. म्हणून मी लिहितो आहे.

ते मूळचे कोकणातले, मासे खाणारे. आमची सासुरवाडी उज्जैनची, पिढ्यान् पिढ्या इथली, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. हा जावई मत्स्यशास्त्राचा डॉक्टर आहे म्हटल्यावर सासूबाईंनी पहिलं विचारलं, "म्हणजे मासे आजारी पडले की हे औषध देतात?" नात्यातले लोक पाठीमागे त्यांना कोळंबी-जावई म्हणायचे. मी तोंडावर म्हणायचो, एवढा फरक. ते पैशाचे डॉक्टर होते, माशांचे नव्हते. खाडीच्या काठी खाजणात, म्हणजे भरतीच्या खाऱ्या जमिनीत, तळी खणतात, भरतीचं पाणी आत घेतात, कोळंबीचं बीज सोडतात, खाऊ घालून वाढवतात आणि विकतात. त्यात माणसाला काय सुटतं, काय बुडतं, कर्ज कोणाला द्यावं, गावात पैसा राहतो की बाहेर जातो, हा त्यांचा अभ्यास. उन्हाळ्यात उज्जैनला आले की दिवसभर माझ्या दुकानात. सासुरवाडीत त्यांचा जीव घुसमटायचा आणि माझ्याशी भांडायला त्यांना मजा यायची.

आमचं पहिलं मोठं भांडण मोटारींवरूनच झालं. एका कंपनीचं नाव घेऊन मी गिऱ्हाईकाला सांगत होतो, याची मोटार घेऊच नका, सगळ्या जळतात, माझ्याकडे हीच येते. गिऱ्हाईक गेल्यावर हे स्टुलावरून बोलले, "नाना, चालू मोटार तुमच्या दुकानात कशाला येईल?" मी म्हटलं, काय मतलब? "मतलब हा की त्या कंपनीच्या मोटारी गावात सगळ्यात जास्त असतील, म्हणून जळक्याही जास्त. चालणाऱ्या तुम्हाला दिसतच नाहीत." माझ्या दुकानात बसून, माझा चहा पिऊन! मी त्यांना उठा म्हटलं. खरंच म्हटलं. ते उठले, चप्पल घातली, आणि पायरीवर थबकले. कपाळाला हात लावून उभे. मला वाटलं चक्कर आली. "नाना," ते बोलले, "मी तर उलटं करतोय." आणि न सांगता निघून गेले. त्या सुट्टीत परत आलेच नाहीत, चार दिवस आधीच गाडीत बसून कोकणात गेले. सुमन माझ्यावर चिडली की भाऊजींनी माझ्या नवऱ्याला हाकललं.

उलटं म्हणजे काय, ते मला पुढच्या वर्षी कळलं. मी आणि बायको त्यांच्याकडे कोकणात गेलो होतो. एका सकाळी मला म्हणाले, चला, मी एका माणसाला शोधतोय. आम्ही बांधावरून चाललो. एका बाजूला भरलेली तळी, पाण्यात हवा मारणारी चाकं फडफडत फिरताहेत, खाद्याची पोती, राखणदार, कुत्री. आणि मध्येच एक कोरडं तळं. तळाला भेगा, त्यात गवत, चाक गंजून पडलेलं. मी त्याची मोटार बघायला वाकलो, सवयीने. यशवंतराव म्हणाले, "आमची माणसं प्रश्नावली घेऊन या बांधावर येतात, नाना. ज्या तळ्यात पाणी, तिथे माणूस असतो, त्याला विचारतात. कोरड्या तळ्यावर कोणी नसतं. मग लिहितात, 'प्रतिसाद नाही', आणि पुढे जातात. शेवटी सरासरी काढतात, की तळ्याला एवढा नफा. तो नफा बघून बँक कर्ज देते, सरकार म्हणतं आणखी तळी खणा. जे बुडाले ते हिशेबातच नाहीत." मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही सगळे चालू मोटारींचे दुकानदार." त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि मी लगेच दुसरीकडे तोंड फिरवलं.

त्या कोरड्या तळ्याचा मालक जनार्दन. तो तालुक्याच्या गावी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढत होता. आम्हाला बघून घाबरला, त्याला वाटलं बँकेचे आलो. यशवंतराव लादीवरच बसले, पँट भिजली तरी. "जनार्दन, काय झालं ते सांग. मी काही मागायला आलो नाही."

"काय सांगू साहेब. माजंच नशीब फुटकं. एका आठवड्यात सगळी कोळंबी काठाला येऊन मेली. बायको बोलते बीज खराब, भाऊ बोलतो कोणी नजर लावली."

"पाणी कधी घेतलंस त्याच्या आधी?"

"घेतलं की भरतीला. सगळे घेतात."

"आणि तुझ्या वरच्या बाजूच्या तळ्याने सोडलं कधी?"

त्याला माहीतच नव्हतं. यशवंतराव मग त्या वरच्याकडे गेले, त्याच्याही वरच्याकडे गेले, असे कितीतरी महिने. कोणी बोलेना. शेवटी एकाने दार लावून सांगितलं, की कोळंबीला रोग लागला हे कळलं तर व्यापारी भाव पाडतो, म्हणून माणूस गुपचूप उरलेला माल काढतो आणि रोगट पाणी ओहोटीला खाडीत सोडून देतो. खालचा ते भरतीला आपल्या तळ्यात घेतो. त्याला काय माहीत? बीज चांगलं, खाद्य चांगलं, मेहनत चांगली, आणि तळं साफ. पुढच्या वर्षी तोही तेच करतो. एकाच खाडीचं पाणी सगळे पितात आणि एकमेकांपासून लपवतात... असा तो धंदा बुडत होता.

इथे एक गोष्ट साफ सांगतो, कारण शोकसभेत मी बोललो तेव्हा काही लोकांना वाटलं की मी तळ्यांच्या विरुद्ध बोलतोय. यशवंतराव तळ्यांच्या विरुद्ध नव्हते. ज्या खाजणात दुसरं काही पिकत नाही तिथे पोरांना गाव सोडावं लागू नये, एवढीच त्यांची तळमळ होती. म्हणायचे, धंदा वाढलाच पाहिजे, पण तळी वाढवून नाही, शेजारधर्म वाढवून. वरच्याने सोडायच्या आधी सांगायचं, ब्लीचिंग पावडर मारून पाणी काही दिवस तळ्यातच थांबवायचं, मग सोडायचं, आणि खालच्याने तेवढे दिवस पाणी घ्यायचं नाही. बस. याला मोठं कर्ज लागत नाही, मशीन लागत नाही. हे सगळं त्यांनी अहवालात लिहिलं, बुडालेली तळी हिशेबात धरून. वरच्या साहेबांनी ते प्रकरण काढून टाकलं. म्हणाले, प्रतिसाद न देणारे धरता येत नाहीत, नियमात बसत नाही, आणि आत्ता वाढीचं वातावरण आहे, तुम्ही अपशकून करू नका. राहिला तो भाग छापला, यशवंतरावांच्या नावाने. यांनी आवाज केला तर यांना किनाऱ्यावरून उचलून एका बंद खोलीत बसवलं, जुन्या अहवालांची सूची करायला.

मी विचारलं होतं त्यांना, इथेच, स्टुलावर. "तुम्ही आपलं नाव का काढून घेतलं नाही?"

"नाव काढलं तर आत जे खरं आहे तेही पडेल, नाना. चालू तळ्यांचे आकडे खोटे नाहीत."

"अर्धं खरं म्हणजे काय? मी अर्धी मोटार बांधून देऊ का लोकांना?"

"तुमची मोटार जळली तर गिऱ्हाईक परत येतं. माझं गिऱ्हाईक गाव सोडून जातं."

"मग ओरडा ना! कोर्टात जा, पेपरात जा!"

"तुम्ही आहात ना ओरडायला," ते बोलले, आणि चहा बशीत ओतला. मला अजून त्या वाक्याचा राग येतो. एवढा शिकलेला माणूस, आणि ओरडणार कोण, तर मी! त्यांचा तो शांतपणा मला कधी पटला नाही, आजही पटत नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी खरं बोलतो.

पण ते गप्प बसले नव्हते, हे मला हळूहळू दिसलं. रिटायर झाल्यावर उज्जैनला आले, सुमनचं माहेर म्हणून. मग माझ्या दुकानात फोन सुरू झाले. एकाचा फोन यायचा, हे पायरीवर जाऊन ऐकायचे, एवढंच विचारायचे, "पावडर मारली? कधी सोडताय?" आणि मग दुसऱ्या-तिसऱ्याला फोन, "वरून सुटतंय, आज पाणी घेऊ नका. मी सांगेन तेव्हा घ्या." दुकानातल्या गिऱ्हाइकांना काही समजेना. एक दिवस एका पंपवाल्याने मला कोपऱ्यात नेऊन विचारलं, "चाचा, ये साहब सट्टा खिलाते हैं क्या?" मी म्हटलं, "हाँ, पानी का." यशवंतराव इतके हसले की स्टूल हललं.

निखिल इंदूरला कॉम्प्युटरवर काम करतो. तो म्हणायचा, बाबा, ग्रुप बनवा, एका मेसेजमध्ये काम होतं. बनवला होता त्या लोकांनी. पहिल्याच महिन्यात शिवीगाळ झाली, कारण ज्याचं तळं आजारी तो सगळ्यांसमोर लिहिणार कसा? व्यापारी त्याच ग्रुपात! ते एकमेकांना सांगत नव्हते. यशवंतरावांना सांगायचे. का, तर हा माणूस कोणाचं नाव कोणाला सांगत नाही, आणि त्यांच्यापासून इतका लांब बसला आहे की त्याला तिथे ना तळं, ना भाऊबंद, ना व्यापारी. त्या अख्ख्या खाडीचं पाणी उज्जैनहून चालत होतं, जिथे समुद्र म्हणजे फोटोतला. जनार्दन बर्फाच्या कारखान्यातून परत आला, त्याने तळं भरलं. संस्थेने जे प्रकरण फाडलं ते या माणसाने फोनवर चालवून दाखवलं. आणि शोकसभेत यातलं एक अक्षर नाही.

सभेत मी उभा राहिलो. निखिल म्हणाला, "नाना, प्लीज, बसा." मी बसलो नाही. मी विचारलं, "जनार्दनला कळवलंस का?" तो म्हणाला, "कोण जनार्दन?" मी म्हटलं, "बाबांचा फोन कुठे आहे?" तर म्हणाला, "बंद केलाय. सारखे कोणाकोणाचे फोन येत होते, आईला त्रास होत होता." सगळ्या सभेसमोर मी त्या पोराला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, पेपर छापणार नाही. त्याचा बाप गेला आहे हे मला कळत होतं, तरी बोललो. फोटोला हार घालून वाढीचे शिल्पकार म्हणत होते, आणि त्या माणसाने आयुष्यात जे एकच काम पूर्ण केलं ते खिशात बंद करून ठेवलं होतं!

सुमन उठली. रडत नव्हती. निखिलच्या हातून फोन घेतला आणि माझ्या हातात दिला. "भाऊजी, तुम्हीच बघा. माझ्याच्याने त्यांना 'गेले' म्हणून सांगवत नाही."

बाहेर ओट्यावर येऊन मी तो सुरू केला. न उचललेल्या फोनांची रांग. मी जनार्दनचं नाव शोधून लावला. मला वाटलं होतं आता ऐकायला मिळेल, रोग पसरला, तळी गेली. पलीकडून आवाज आला, "साहेब! किती दिस फोन लावतोय! तुमचा फोन लागत नाय, म्हणून हितं कोणी पाणी सोडलं नाय, कोणी घेतलं नाय. सगळे थांबलोय. चाकं फिरवून फिरवून डिझेल संपायला आलं."

 ज्यांना संस्थेचे साहेब 'प्रतिसाद नाही' म्हणून सोडून गेले, ती माणसं एका बंद फोनसाठी अख्खी खाडी धरून बसली होती...

मी सांगितलं, "मी त्यांचा साडू बोलतोय, नाना. बर्फाच्या कारखान्यात आलो होतो. यशवंतराव गेले." मागे चाकांचा फडफड आवाज येत राहिला. जनार्दन बोलला, "मग आमी आता कोणाला इचारायचं?"

माझ्या तोंडाला कुलूप नाही हे सगळ्या फ्रीगंजला माहीत आहे. बायको म्हणते, तुमच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही. ज्या कामाला गप्प राहणं हाच मुख्य गुण लागतो ते काम माझ्याकडे येणं म्हणजे यशवंतरावांनी जाता जाता काढलेली खोडी आहे. पण दुसरं होतं कोण? मी जनार्दनला म्हटलं, मला विचारा. निखिल तर म्हणतो ॲप बनवू.

परवा दुकानात एका मोटारीची तार उकलत होतो. स्टूल रिकामं होतं, त्यावर मी कोणाला बसू देत नाही, गिऱ्हाईक उभं राहिलं तरी चालेल. त्यांचा फोन मी त्याच स्टुलावर ठेवतो. तो वाजला. वरच्या बाजूचा एक माणूस, नाव सांगणार नाही. आवाज दबका. कोळंबी काठाला यायला लागली म्हणाला. मी विचारलं, कधीपासून? आणि जे त्याने सांगितलं त्यावरून कळलं, की हा कितीतरी दिवस लपवून बसला होता, सगळे थांबले होते तेव्हाही. माझ्या जिभेवर शिवी आली. खास माळव्यातली, यशवंतरावांना आवडायची नाही ती. खाली जनार्दनसारखे लोक डिझेल जाळत बसले होते आणि हा... मी फोन घेऊन पायरीवर गेलो. ती शिवी मी गिळली. घशातून उतरताना अजून टोचते आहे.

"पावडर मारली?" मी विचारलं. "मार. थांब. मग सोड."

मग जनार्दनला लावला. "वरून सुटणार आहे. आज पाणी घेऊ नका, मी सांगेन तेव्हा घ्या."

"कोणाचं सुटतंय, नाना?"

"ते विचारायचं नाही," मी म्हटलं.

आत येऊन फोन स्टुलावर ठेवला. चहा आला होता. अर्धा बशीत ओतला आणि स्टुलाकडे सरकवला, मग लक्षात आलं, आणि दोन्ही मीच प्यायलो.